आईची गोळी आणि अमेरिकेतले उंदीर

गेल्या दिवाळीच्या आधी मी साताऱ्याला फोन करून आईची एक गोळी बंद करायला लावली. मी डॉक्टर नाही. पुण्यातून कॉम्प्युटर इंजिनिअरिंग केलं, बारा वर्षं न्यू जर्सीत नोकरी करतोय, आणि औषधांतलं मला तेवढंच कळतं जेवढं आमच्या बाबांना जावास्क्रिप्टमधलं. तरी बंद करायला लावली. का लावली ते सांगतो, कारण माझ्यासारखे बरेच जण हे सदर वाचतात आणि त्यांच्याही हातात फोन आहे.

आईला पंधरा वर्षांपासून मधुमेह. दोन वर्षांपूर्वी तळपायांची आग सुरू झाली. रात्र रात्र ओलं फडकं पायाला गुंडाळून बसायची. डॉक्टरांनी प्रीगॅबालिन दिलं, ७५ मिलिग्रॅम, रोज रात्री एक. पंधरा दिवसांत बाई झोपायला लागली. हे औषध मज्जासंस्थेवर काम करतं. वेदनेचा निरोप एका पेशीकडून दुसरीकडे जाताना कॅल्शियमच्या ज्या वाटा उघडतात त्यांच्यावर ते जाऊन बसतं आणि निरोपाचा आवाज कमी करतं. फिट्सवरही तेच देतात. भारतात हल्ली घराघरात आहे.

अमेरिकेत प्रत्येक औषधाचं एफडीएनं मंजूर केलेलं लांबलचक माहितीपत्रक असतं आणि ते कुणालाही वाचता येतं. एका रात्री मुलगी झोपल्यावर मी आईच्या सगळ्या औषधांची पत्रकं उघडून बसलो. (हा आमच्या पिढीचा रोग आहे. एरर आली की आधी डॉक्युमेंटेशन वाचायचं. इथं तर एररही आली नव्हती.) प्रीगॅबालिनच्या पत्रकात गाठींबद्दल सरळ लिहिलं आहे: दोन वर्षं हे औषध खाद्यातून दिलेल्या उंदरांच्या दोन वेगवेगळ्या जातींमध्ये हिमँजिओसार्कोमा, म्हणजे रक्तवाहिन्यांच्या अस्तराचा कर्करोग, अनपेक्षितपणे जास्त आढळला. माझा नेहमीचा बचाव असा की अहो, उंदरांना बादलीभर औषध देतात, काय होणार दुसरं! इथं तो चालेना. ज्या कमीत कमी डोसला गाठी वाढल्या, त्या डोसला उंदराच्या रक्तातलं औषध हे माणसाच्या ६०० मिलिग्रॅमच्या कमाल डोसाइतकंच होतं, असं तिथंच पुढे लिहिलेलं.

रात्रीचे साडेअकरा. तिकडे सकाळचे नऊ. मी फोन लावला.

"आई, ती रात्रीची कॅप्सूल आजपासून बंद कर."

"अगं बाई! का रे?"

"त्यानं उंदरांना कॅन्सर झालाय."

आता हसू येतं, पण तेव्हा आईनं काही विचारलं नाही. अमेरिकेतल्या मुलानं सांगितलं म्हणजे त्याला काहीतरी ठाऊक असणार. बाबा तेवढे म्हणाले, "डॉक्टरांना विचारायचं का?" मी म्हणालो, त्यांना एवढं सगळं वाचायला वेळ कुठे असतो. हे वाक्य मी खरंच उच्चारलं.

पुढचे चार दिवस आईनं मला सांगितले नाहीत, ते बाबांकडून कळले. पायांची आग परत आली, दुप्पट. झोप उडाली, रात्री घामानं अंग भिजायचं, मळमळायचं, जीव घाबरा व्हायचा. पाचव्या दिवशी बाबा तिला रिक्षात घालून दवाखान्यात घेऊन गेले. डॉक्टर रागावले नाहीत. "ही गोळी अशी एकदम सोडायची नसते, हळूहळू कमी करायची असते," एवढंच म्हणाले. आणि ही सूचना मी वाचलेल्या त्याच पत्रकात आहे! किमान आठवडाभर घेऊन कमी करा, असं. मी गाठींच्या ओळीवर थांबलो होतो, बाकीचं वाचलंच नव्हतं.

गोळी पुन्हा सुरू झाली, आई झोपायला लागली, मग माझी झोप गेली. उंदरांचं काय? ते खोटं होतं का? खोटं नव्हतं, हेच अवघड आहे. म्हणून वाचत सुटलो, आणि वाचता वाचता पोचलो कुठे, तर परळला केईएम हॉस्पिटलमध्ये.

सर्पगंधा तुम्हाला ठाऊक असेल. आयुर्वेदात तिच्या मुळीला जुनं स्थान आहे, झोपेसाठी, वेडाच्या झटक्यांसाठी. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी ही मुळी रक्तदाबाच्या रुग्णांना देऊन नीट नोंदी ठेवल्या आणि १९४९ मध्ये 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये ५० रुग्णांचा निबंध छापला. तो वाचून बॉस्टनमध्ये डॉ. रॉबर्ट विल्किन्स यांनी मुळी मागवली. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीनं तिच्यातलं मुख्य द्रव्य वेगळं काढलं, त्याचं नाव रिसरपीन. दोनच वर्षांत न्यूयॉर्क राज्यातल्या मनोरुग्णालयात नेथन क्लाइन ते मानसिक रुग्णांना देऊ लागले. डॉ. वकीलांना १९५७ मध्ये अमेरिकेचा लास्कर पुरस्कार मिळाला. एका मुंबईकर डॉक्टरानं आधुनिक वैद्यकाला रक्तदाबाचं औषध हातात दिलं, आणि ही गोष्ट मला शाळेत कुणी सांगितली नाही. असो.

रिसरपीन काय करतं? मज्जापेशींत डोपामिन, नॉरॲड्रिनॅलिन असे निरोपे छोट्या थैल्यांत भरून ठेवलेले असतात. रिसरपीन त्या थैल्या भरूच देत नाही. साठा संपतो, रक्तवाहिन्या सैलावतात, दाब उतरतो. पण डोपामिनचं आणखी एक काम आहे. मेंदूच्या तळाशी असलेल्या पियूषिका ग्रंथीला ते सतत दटावत असतं की प्रोलॅक्टिन फार सोडू नकोस. डोपामिन आटलं की दटावणारं कुणी राहत नाही. प्रोलॅक्टिन वाढतं. आणि उंदरांच्या स्तनांतल्या गाठी प्रोलॅक्टिनवर पोसल्या जातात.

१९७४ च्या सप्टेंबरात 'लॅन्सेट'मध्ये तीन अभ्यास एकदम आले: बॉस्टन, ब्रिस्टल आणि हेलसिंकी. स्तनांचा कर्करोग झालेल्या बायकांमध्ये रिसरपीन घेणाऱ्या जास्त, दुपटीपासून साडेतीनपटीपर्यंत. कल्पना करा, जगभर लाखो लोक ही गोळी घेत होते. पुढे अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेनं दोन वर्षं उंदरांना रिसरपीन खाऊ घातलं, किलोभर खाद्यात अवघं ५ किंवा १० मिलिग्रॅम. माद्यांना स्तनांच्या गाठी झाल्या, नरांना वीर्यकोशाच्या, आणि मोठ्या जातीच्या नर उंदरांना मूत्रपिंडावरच्या ॲड्रिनल ग्रंथीच्या गाभ्यात. म्हणजे माणसांचा पुरावा आला, जनावरांचा आला, आणि आतली यंत्रणाही जुळत होती. माझ्यासारख्यानं त्या दिवशी किती फोन केले असते!

मग हळूहळू एक बाजू ढासळली. १९७५ मध्येच मिनेसोटातल्या ओल्मस्टेड काउंटीच्या नोंदींत असा संबंध सापडला नाही. इतरही अभ्यासांत तो विरत गेला. आणि १९८५ मध्ये येल विद्यापीठाच्या हॉरविट्झ आणि फाइनस्टाइन यांनी दाखवलं की गडबड तुलनेच्या गटात आहे. कर्करोग नसलेल्या बायकांचा गट निवडताना हृदयाचे, रक्तवाहिन्यांचे आजार असलेल्यांना वगळलं, की तो गट आपोआप रिसरपीन न घेणाऱ्यांचा होतो. कारण रिसरपीन घेतं कोण? रक्तदाबवालेच. वगळलं तर संबंध दिसतो, न वगळता मोजलं तर जवळजवळ नाहीसा होतो. आमच्या धंद्यात याला क्वेरीतली एक चुकीची अट म्हणतात. डेटा बरोबर, मशीन बरोबर, एक 'वगळा' चुकीच्या जागी, आणि रिपोर्ट धडधडीत खोटा. मी अशा रिपोर्टवर मीटिंगा झालेल्या पाहिल्यात.

पण उंदरांच्या गाठी मात्र खऱ्याच राहिल्या. अमेरिकी सरकारच्या यादीत १९८१ पासून रिसरपीन 'माणसांत कर्करोगकारक असण्याची वाजवी शक्यता' या रकान्यात आहे. जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संस्था त्याला 'वर्गवारी करता येत नाही' अशा गटात ठेवते. एकच औषध, दोन शहाण्या संस्था, दोन रकाने. हे वाचून चिडचिड होते, पण दोघांचं उत्तर समजण्यासारखं आहे, कारण दोघांचा प्रश्न एक नाही. एक विचारते, जनावरांत पुरेसा पुरावा आहे का? दुसरी विचारते, सगळं मिळून माणसाबद्दल काही म्हणता येतं का?

ॲड्रिनलच्या गाठींची गोष्ट मला सगळ्यात आवडली. रिसरपीन त्या पेशींचा साठा रिकामा करतं, तर शरीर काय करतं? ओरडून आणखी मागतं. मज्जातंतूंमधून ॲड्रिनलकडे निरोपांचा भडिमार सुरू होतो, आणि तो सोसता सोसता तिथल्या पेशी वाढायला लागतात. बॉस्टनच्या टफ्ट्स विद्यापीठातल्या आर्थर टिश्लर यांनी हे उंदरांत तपासलं: एका बाजूच्या ग्रंथीकडे जाणारा मज्जातंतू कापला, तर त्या बाजूची वाढ थांबली. औषध दोन्हीकडे तेच. फरक फक्त वायरचा.

इथं माझ्या डोक्यात उजेड पडला. तंबाखूचा धूर किंवा क्ष-किरण पेशीतल्या डीएनएवरच घाव घालतात, म्हणून ते जवळजवळ कुठल्याही प्राण्यात वाईट. मज्जासंस्थेवरची ही औषधं बहुतेक वेळा डीएनएला हातही लावत नाहीत. ती शरीराच्या निरोपांची व्यवस्था हलवतात, आणि गाठ त्या हललेल्या व्यवस्थेला प्रतिसाद देते. मग उत्तर औषधाइतकंच त्या शरीराच्या जोडणीवर अवलंबून राहणार. ज्याची वायरिंग वेगळी, त्याचं उत्तर वेगळं.

वेळेवरही अवलंबून राहणार. फेनोबार्बिटल ही फिट्सची फार जुनी गोळी, आपल्याकडे गार्डिनल म्हणून बऱ्याच घरांत ओळखीची. शिकागोजवळच्या आरगॉन प्रयोगशाळेत १९७१ मध्ये पेराइनो आणि सहकाऱ्यांनी उंदरांना यकृताचा कर्करोग करणारं एक रसायन दिलं. त्याच्यासोबत फेनोबार्बिटल दिलं तर गाठी कमी झाल्या. रसायन थांबवून नंतर दिलं तर वाढल्या. तीच गोळी, तेच जनावर! आणि फिट्सच्या रुग्णांवर दीर्घकाळ ठेवलेल्या नजरेत यकृताच्या कर्करोगाशी तसा स्पष्ट संबंध दिसलेला नाही. या एका प्रयोगावरून उद्या कुणी 'गार्डिनलने कर्करोग बरा होतो' आणि दुसऱ्यानं 'गार्डिनलने कर्करोग होतो' असे दोन फॉरवर्ड पाठवले, तर दोघांकडेही पुरावा म्हणून तोच निबंध असेल.

हे थंडीवरही अवलंबून असतं म्हटलं तर तुम्ही म्हणाल, आता हा काहीही सांगतोय. न्यूयॉर्क राज्यात बफेलो नावाचं शहर आहे, नायगाऱ्याला जाताना आपण सगळे तिथून जातो. हिवाळ्यात तिथं दाराबाहेर कमरेएवढा बर्फ असतो. तिथल्या रॉझवेल पार्क कर्करोग संस्थेत एलिझाबेथ रिपास्की यांच्या गटाला वेगळाच प्रश्न पडला: प्रयोगशाळेतल्या उंदरांना थंडी वाजते का? प्रयोगशाळा साधारण २२ अंशांवर ठेवतात, कारण कोट घातलेल्या माणसाला ते बरं वाटतं. उंदराला बरं वाटतं ३० अंशांच्या आसपास. म्हणजे जगभरातले प्रयोगाचे उंदीर जन्मभर कुडकुडत असतात, आणि ऊब टिकवायला त्यांच्या मज्जासंस्थेतून नॉरॲड्रिनॅलिन जास्त वाहत असतं. २०१३ मध्ये त्यांनी छापलं की ऊबदार पिंजऱ्यात ठेवलेल्या उंदरांच्या गाठी हळू वाढतात आणि गाठीशी लढणाऱ्या पेशी जास्त दिसतात. पुढे त्यांनी थंडीतल्याच उंदरांना प्रोप्रॅनोलॉल दिलं, आपल्याकडे धडधडीवर आणि मायग्रेनवर देतात ते. ते नॉरॲड्रिनॅलिनचा निरोप अडवतं. थंडीतले उंदीर ऊबेतल्यांसारखे वागू लागले.

त्याआधी २००६ मध्ये ह्यूस्टनच्या एमडी अँडरसनमध्ये अनिल सूद यांच्या गटानं उंदरांना रोज काही तास अडचणीच्या जागेत कोंडून ठेवलं होतं. ताणाखालच्या उंदरांत बीजाशयाच्या गाठी जास्त वाढल्या, रक्तवाहिन्या जास्त फुटल्या. प्रोप्रॅनोलॉलनं तो परिणाम रोखला. म्हणजे मज्जासंस्थेवरची औषधं फक्त गाठी वाढवतात असंही नाही. आता हे ऐकून कुणी आईला प्रोप्रॅनोलॉल सुरू करू नका. मला मोह झाला होता, खोटं कशाला बोलू. आईला मधुमेह आहे, आणि साखर अचानक उतरली की जी धडधड होऊन माणूस सावध होतो, ती धडधड हे औषध दाबून टाकतं. म्हणजे आणखी एक फोन, आणखी एक दवाखाना.

तर प्रीगॅबालिनच्या उंदरांचं काय? इथं आपली भाषा मला आडवी आली. मराठीत दोन्ही उंदीरच. पण प्रयोगशाळेत माऊस वेगळा, चिमूटभर, वीस-तीस ग्रॅमचा. आणि रॅट वेगळा, त्याच्या दसपट वजनाचा. रक्तवाहिन्यांच्या गाठी झाल्या त्या माऊसला. रॅटवर दोन अभ्यास झाले, त्यांत काही सापडलं नाही, हेही त्याच पत्रकात, त्याच परिच्छेदाच्या आसपास. मी फोनवर 'उंदरांना' म्हणालो तेव्हा ज्यांना काही झालं नाही त्यांनाही मी आजारी पाडलं होतं. औषध बनवणाऱ्या कंपनीच्या शास्त्रज्ञांनी नंतर कारण शोधलं: या औषधानं माऊसचा श्वास मंदावतो, रक्तातला बायकार्बोनेट वाढतो, ऊतींना प्राणवायू कमी पडतो, आणि प्राणवायू मागणारं शरीर रक्तवाहिन्यांच्या पेशी वाढवायला लागतं. रॅटमध्ये, माकडात, माणसात ही साखळी दिसत नाही, असा त्यांचा निष्कर्ष. कंपनीचाच अभ्यास, कंपनीचंच औषध, हे मला दिसतंय. तरी ॲड्रिनलची गोष्ट वाचल्यावर ही साखळी मला ओळखीची वाटली. पुन्हा तेच, व्यवस्था हलली आणि पेशींनी प्रतिसाद दिला.

पत्रक मात्र माणसाबद्दल एवढंच म्हणतं की या निष्कर्षाचा रुग्णांसाठी अर्थ काय हे माहीत नाही. चाचण्यांतल्या रुग्णांच्या एकूण ६,३९६ वर्षांच्या वापरात ५७ जणांना नव्या किंवा वाढलेल्या गाठी आढळल्या, आणि औषध न घेणाऱ्या तशाच लोकांत किती आढळल्या असत्या हे ठाऊक नसल्यानं त्यावरून काही ठरवता येत नाही. मला हे लिहिणाऱ्याबद्दल आदर वाटला. आमच्याकडे कुणी 'माहीत नाही' असं डॉक्युमेंटेशनमध्ये लिहिलं तर मॅनेजर बोलावून घेतो.

हे पत्रक भारतात आईच्या हातात कधी येतच नाही, ही माझी खरी तक्रार आहे. मेडिकलवाला पट्टीतून दहा कॅप्सूल कात्रीनं कापून देतो, कागद डब्यात राहतो, आणि आला तरी मुंगीएवढ्या इंग्रजीत. मग ती पोकळी भरतात दोघे: व्हॉट्सॲप, आणि अमेरिकेतला मुलगा. व्हॉट्सॲपपेक्षा मी जास्त घातक, कारण माझ्यावर तिचा विश्वास आहे. जनावरांतला पुरावा लपवा असं मी म्हणत नाही. आईला तो सांगायलाच हवा, मराठीत, तिच्या डोसासकट. ७५ म्हणजे त्या ६०० चा आठवा हिस्सा. हे गणित मी फोन करण्याआधी करायला हवं होतं, आणि पायांची आग, झोप, रात्री उठून पडण्याची भीती हेही त्याच कागदावर दुसऱ्या बाजूला मांडायला हवं होतं. आमच्याकडे टेस्टिंगच्या सर्व्हरवर फुटलेली गोष्ट आम्ही झटकून टाकत नाही, पण ती फुटली म्हणून रात्री साडेअकराला चालू सिस्टिम बंदही करत नाही. निदान ज्याची सिस्टिम आहे त्याला विचारतो.

आता नियम केलाय. काही वाचलं की मी ते बाबांना लिहून पाठवतो, प्रश्न म्हणून, आणि पुढच्या भेटीला ते डॉक्टरांपुढे ठेवतात. गेल्या महिन्यात तीन प्रश्न पाठवले होते. दोनांची उत्तरं आली. तिसऱ्यावर डॉक्टर म्हणाले, "बघून सांगतो," आणि त्यांनी खरंच बघून सांगितलं.

परवा मी आईला ही सगळी हकिगत सांगितली, सर्पगंधेपासून बफेलोपर्यंत. तिनं शांतपणे ऐकलं. शेवटी म्हणाली, "म्हणजे ती बिचारी थंडीत कुडकुडतायत, आणि मोठमोठे शिकलेले लोक त्यांच्यावरून आपलं ठरवतायत?"

मी म्हटलं, "हो, साधारण तसंच."

"मग आधी त्यांना एखादी गोधडी तरी द्या रे."